रेक्झीन, चामडं आणि जॅग्वार ई-टाइप: गाडीच्या आतला इतिहास कसा वाचवतात

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. गाड्यांवरचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. त्यात काय असतं? इंजिनाचा आवाज, शून्य ते शंभर किती सेकंदात, चकाचक पेंट. आज मी यातलं काहीच बोलणार नाहीये. आज आपण गाडीचं दार उघडून आत बसणार आहोत. सीट, गालिचे, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, छताचं कापड. एखादी साठ वर्षं जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्त करताना या आतल्या भागाचं काय करायचं, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच अवघड आहे. आणि माझ्या मते इतिहास म्हणून इंजिनापेक्षाही महत्त्वाचा आहे.

उदाहरण एकच घेऊया. जॅग्वार ई-टाइप. पण त्याआधी दोन शब्द, जे तुमच्या घरात नक्की बोलले जातात.

रेक्झीन आणि डनलॉप

रिक्षाच्या सीटला काय लावलंय? रेक्झीन. शाळेच्या बॅगेला, दवाखान्यातल्या बाकाला, जुन्या सोफ्याला? रेक्झीन. आणि आजीच्या घरातली ती मऊ गादी कसली? डनलॉपची. आपल्याला हे शब्द इतके सवयीचे झालेत की ते मराठीच वाटतात. पण मुळात दोन्ही ब्रिटिश कंपन्यांची नावं आहेत.

रेक्झीन ही कंपनी मँचेस्टरजवळच्या हाइड गावातली. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर द्यायचा, वर चामड्यासारखा ठसा उमटवायचा, आणि चामड्याच्या मानाने स्वस्तात विकायचं, हा त्यांचा धंदा. ब्रिटिश रेल्वेचे डबे, बस, मोटारी, पुस्तकांच्या बांधण्या, सगळीकडे ते गेलं. नंतर पीव्हीसी आलं, मूळ पदार्थ मागे पडला, पण आपण नाव सोडलं नाही.

डनलॉपचंही तसंच. टायरवाली कंपनी. १९२९ च्या सुमारास त्यांच्या संशोधकांनी रबराच्या चिकात हवा फेटून फोम तयार केला. अंड्याचा फेस करतात ना, तसं. त्याचं नाव डनलॉपिलो. तोपर्यंत गाडीच्या सीटमध्ये स्प्रिंगा आणि घोड्याचे केस असायचे. आपल्याकडच्या जुन्या सोफ्यांमध्ये काथ्या असायचा, तसंच काहीसं. फोम आला आणि सीट हलकी झाली, पातळ झाली, हव्या त्या आकारात साच्यातून काढता येऊ लागली.

म्हणजे चामडं, चामड्यासारखं दिसणारं कापड आणि फोम. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये बनलेल्या बऱ्याचशा मोटारींचा आतला भाग या तीन गोष्टींचा आहे. आता गाडीकडे वळू.

मार्च १९६१, जिनिव्हा

१५ मार्च १९६१. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा मोटर शोच्या निमित्ताने जॅग्वारने ई-टाइप दाखवली. पत्रकारांना फेरी मारून आणायला एक गाडी पुरेना, म्हणून कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रात्रभर चालवत घेऊन आला. ही गोष्ट जॅग्वारप्रेमी अजून सांगतात.

गाडीचा आकार माल्कम सेयर यांचा. ते मूळचे विमान उद्योगातले, हवेच्या प्रवाहाचं गणित करणारे. त्यांच्याच डी-टाइप रेसिंग कारने १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षं ल मॉंची शर्यत जिंकली होती. ई-टाइप त्याच घराण्यातली, फक्त रस्त्यावर चालवायची. ३.८ लीटरचं सहा सिलिंडर इंजिन, ताशी १५० मैलांचा दावा, आणि किंमत ब्रिटनमध्ये कर धरून साधारण २१०० पौंड. या वेगाच्या इतर गाड्यांच्या तुलनेत ही किंमत फार कमी होती.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा ऐका. जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांचं धोरणच होतं, दिसायला महाग आणि किमतीला परवडणारी गाडी. मग पैसे कुठे वाचवायचे? जिथे हात लागतो तिथे खरं चामडं, जिथे फक्त नजर जाते तिथे रेक्झीनसारखं कापड. ई-टाइपच्या सीटवर आपण बसतो तो भाग चामड्याचा. पण सीटच्या मागच्या बाजूला, कडेला, दारांवर बऱ्याच ठिकाणी विनाइल. बूटमध्ये हार्ड्युरा नावाचं, खाली नमदा आणि वर पीव्हीसी असलेलं मॅट.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे यावरूनच खरा वाद सुरू होतो.

एकच मॉडेल, आतून मात्र दर वर्षी वेगळं

आपल्याला वाटतं ई-टाइप म्हणजे एक गाडी. पण मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला ती वेगळी दिसते. बाहेर आवृत्तीचा आकडा तोच, आत मात्र सतत बदल चालू.

सुरुवातीच्या गाड्यांचा तळ सपाट होता. उंच माणसाला पाय कुठे ठेवावेत कळेना. तक्रारी आल्या आणि १९६२ मध्ये पायांसाठी तळात खोलगट जागा केली. आज त्या पहिल्या गाड्यांना संग्राहक ‘फ्लॅट फ्लोअर’ म्हणतात आणि त्यांना जास्त किंमत देतात. म्हणजे ज्या गोष्टीची तेव्हा तक्रार होती, तिचेच आज जास्त पैसे!

डॅशबोर्डचा मधला पत्रा सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर बारीक ठिपक्यांचा ठसा. मग नक्षी बदलली. पुढे अ‍ॅल्युमिनियम गेलंच आणि काळं आवरण आलं. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लीटरचं इंजिन आलं, त्यासोबत सीटही बदलल्या. आधीच्या बादलीसारख्या पातळ सीट दिसायला सुंदर, पण तासभर बसलं की पाठ बोलायला लागायची. नव्या सीट जाड आणि आरामशीर.

आणि स्विच! पहिल्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर विमानाच्या कॉकपिटसारखे बाहेर आलेले खटके होते. वर-खाली करायचे, टक टक आवाज येतो तसे. ते का गेले? त्याचं उत्तर अमेरिकेत आहे. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं, १९६६ मध्ये अमेरिकेने मोटार सुरक्षेचा कायदा केला, आणि १९६८ पासून नवे नियम लागू झाले. अपघातात गुडघा किंवा डोकं आपटेल अशा टोकदार वस्तू डॅशबोर्डवर नकोत. ई-टाइपची सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका. मग काय, खटके गेले आणि सपाट दाबायची बटणं आली.

बघा, एका साध्या स्विचमध्ये केवढा इतिहास आहे. ग्राहक चळवळ, कायदा, निर्यातीचं अर्थकारण. १९६३ च्या गाडीत कोणी १९६८ ची बटणं बसवली, तर ती चालतील, दिवे लागतील, वायपर फिरतील. पण ती गाडी खोटं बोलायला लागेल.

चामडं म्हातारं कसं होतं

आता थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, बारावीइतकीसुद्धा नाही.

चामडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. कमावताना ते सडणार नाही अशी प्रक्रिया करतात, मग त्यात तेल-चरबी मुरवतात. त्यामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. हा सरकण्याचा गुण म्हणजेच मऊपणा. वर्षं गेली, ऊन लागलं, की तेल उडून जातं. तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाकवले की तुटतात.

वर रंगाचा थर असतो. त्या काळी तो नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असायचा. हो, आपल्या मूळ रेक्झीनमधलाच पदार्थ. हा थर काळाप्रमाणे कडक होतो, आणि सीटवर दिसणाऱ्या बारीक भेगा बऱ्याचदा फक्त या थरातल्या असतात. खालचं चामडं धडधाकट असू शकतं. हा फरक कळला नाही तर चांगलं चामडं कचऱ्यात जातं.

फोमचं दुखणं वेगळं. रबराचा फोम हवेतला ऑक्सिजन घेतो, हळूहळू ताठर होतो आणि मग त्याचा चुरा पडतो. जुन्या सीटखाली तपकिरी भुसा साचलेला दिसतो ना, तो तोच. याला औषध नाही. पीव्हीसीचं असं की त्याला मऊ ठेवायला एक तेलकट द्रव मिसळलेला असतो, तो उन्हाने बाहेर पडतो. गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात हाच द्रव असतो. तो गेला की डॅशबोर्डला तडे.

आणि ओल. गालिच्याखाली नमदा, नमद्याखाली लोखंडी पत्रा. पाणी शिरलं की नमदा ते धरून ठेवतो आणि पत्रा खालून शांतपणे गंजत राहतो. वरून गालिचा मस्त दिसत असतो. कोकणातला पावसाळा काढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

सीट कोणी शिवली?

इथे एक मिनिट थांबूया. आपण ‘जॅग्वारने गाडी बनवली’, ‘सेयरने डिझाइन केली’ असं म्हणतो. पण त्या सीटचे टाके कोणी घातले? गाडीचे कारखाने म्हणजे पुरुषांचं जग अशी आपली समजूत. पण ब्रिटनमध्ये सीटची कव्हरं शिवणाऱ्या मशीनवर बहुतेक बायका असायच्या. त्यांचं नाव कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

त्यांच्याबद्दल जगाला कळलं ते एका संपामुळे. ही गोष्ट जॅग्वारची नाही, फोर्डची आहे. ७ जून १९६८. लंडनजवळच्या डॅगनममधल्या फोर्डच्या कारखान्यात सीट कव्हर शिवणाऱ्या १८७ बायकांनी काम बंद केलं. कंपनीने त्यांचं काम कमी कौशल्याच्या, ‘बी’ श्रेणीत टाकलं होतं. शिवाय त्या श्रेणीतल्या पुरुषाला जो पगार, त्याच्या ८५ टक्केच त्यांना. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमचं काम कौशल्याचं आहे, तसं लिहा.

आठवडाभरात काय झालं असेल? सीट नाहीत, तर गाड्या बाहेर पडत नाहीत. अख्खा कारखाना अडला. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कासल यांनी मध्यस्थी केली, पगार पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आला. या संपाने जी हवा तयार केली त्यातून १९७० चा समान वेतन कायदा झाला. पण ‘हे काम कुशल आहे’ हे मान्य व्हायला मात्र १९८४ साल उजाडलं, आणि त्यासाठी परत संप करावा लागला. सोळा वर्षं!

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. इंजिनावर नंबर कोरलेला असतो, त्याची नोंद असते. सीटवरच्या टाक्यांची कुणी नोंद ठेवत नाही. ते टाके हीच त्या हातांची एकमेव सही. आणि गाडी दुरुस्तीला आली की सगळ्यात आधी उसवून फेकतात ते तेच.

काम प्रत्यक्षात कसं चालतं

चला, आता समजा एक १९६३ ची ई-टाइप कूपे समोर आहे. सीट फाटलेल्या, छताचं कापड लोंबतंय, गालिचे कुजलेले. चांगला कारागीर काय करतो?

पहिलं काम, हात न लावणं. आधी फोटो. प्रत्येक पॅनल जागेवर असताना, मग सुटं, मग मागून. मागून का? कारण दारांच्या आणि आतल्या पॅनलांच्या मागच्या बाजूला अनेकदा खडूने किंवा पेन्सिलीने लिहिलेला गाडीचा बॉडी नंबर सापडतो. कारखान्यात ते पॅनल कुठल्या गाडीचं हे कळावं म्हणून कामगाराने घाईत लिहिलेला. ते पॅनल पुठ्ठ्यासारखं हार्डबोर्डचं, ओलीने वाकडं झालेलं, दोन पैशांच्या किमतीचं. नवीन सहज मिळतं. पण तो आकडा नव्यावर नसतो. हे पॅनल याच गाडीचं आहे, याचा पुरावा त्या खडूत आहे.

दुसरं, कागद. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळतं. गाडी कधी बनली, बाहेरचा रंग कोणता, आतल्या चामड्याचा रंग कोणता, कुठे पाठवली. म्हणजे आज आत काळं चामडं दिसत असलं तरी मूळचं लाल होतं की काय, हे कळतं. खात्री करायची तर सीटच्या घडीत किंवा पायपिंगच्या खाली बघायचं. जिथे ऊन पोचलं नाही तिथे मूळ रंग तसाच असतो.

तिसरं, उसवणं. कात्रीने टराटरा फाडायचं नाही. एक एक टाका उसवायचा, तुकडे सुटे करायचे, सपाट करायचे, त्यावर क्रमांक टाकायचा आणि कागदावर नमुना उतरवायचा. आपले शिंपी जुना ब्लाऊज समोर ठेवून नवीन बेततात, तसंच. फरक एवढाच की इथे इंचात किती टाके, दोरा किती जाड, पायपिंग किती फुगीर, हे सगळं मोजून लिहायचं. घडीची रुंदी थोडी जरी चुकली, तरी जाणकाराला दुरून कळतं.

चौथं, सांगाडा. गंज घासायचा, रंगवायचा. फोम बदलायचा, कारण त्याला पर्याय नाही. पण नवा फोम जुन्याच आकाराचा हवा. जास्त भरला की सीट बेडकीसारखी फुगते, आणि हे आजच्या कामांमध्ये खूप दिसतं.

पाचवं आणि सगळ्यात नाजूक, चामडं. आधी स्वच्छ करायचं. साठ वर्षांचा घाम, तेल, धूळ. कितीतरी वेळा ‘रंग गेलाय’ असं वाटतं आणि खाली रंग असतो. मग हळूहळू तेल मुरवून मऊ करायचं. फाटलेल्या जागी वरून ठिगळ लावायचं नाही, आतून पातळ चामड्याचा किंवा कापडाचा तुकडा लवचीक गोंदाने चिकटवायचा. भेगा भरायच्या आणि गेला असेल तेवढ्याच जागी रंग द्यायचा. पूर्ण सीट रंगवायची नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे तत्त्व बरोबर माहीत असतं. जेवढं विरलंय तेवढ्यालाच जोड द्यायचा, बाकी कापडाला धक्का लावायचा नाही.

आणि चामड्याचे तंतूच तुटले असतील, हाताने चोळलं की भुगा होत असेल, तर मात्र नवीन घालायचं. तिथे हळवं होऊन उपयोग नाही. शेवटी त्यावर माणूस बसणार आहे.

कॉनली बंद पडली, आणि

नवीन घालायचं, पण आणायचं कुठून? ब्रिटिश गाड्यांच्या चामड्याचं एक नाव होतं, कॉनली. १८७८ मध्ये लंडनमध्ये दोन भावांनी सुरू केलेला धंदा. रोल्स-रॉइस, अ‍ॅस्टन मार्टिन, जॅग्वार, अगदी इटलीतली फेरारीसुद्धा त्यांचं चामडं वापरायची. २००२ मध्ये त्यांचं चामडं कमावण्याचं काम बंद झालं. नाव पुढे दुसऱ्या रूपात जिवंत झालं, पण ती कार्यशाळा गेली.

आज तसं चामडं बनवणारे दुसरे आहेत, आणि चांगलं बनवतात. पण वरचा थर आता पॉलियुरेथेनचा असतो. तो जास्त टिकतो, भेगा कमी पडतात, आणि नेमकं म्हणूनच तो वेगळा दिसतो, वेगळा म्हातारा होतो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. ज्या लायब्ररीवर आपला प्रोग्रॅम उभा आहे तीच बंद पडली, तर तोच प्रोग्रॅम पुन्हा हुबेहूब बनवता येत नाही. जवळपास जाता येतं. म्हणून १९६३ ची एक धड सीट आज फक्त जुनी सीट नाही. तो एका बंद पडलेल्या कारागिरीचा शिल्लक नमुना आहे.

मूळ म्हणजे नेमकं काय?

आता तो वाद, ज्याबद्दल सुरुवातीला बोललो होतो.

अनेक वर्षं जुन्या गाड्यांच्या स्पर्धांमध्ये बक्षीस कोणाला मिळायचं? जी नव्याहून नवी दिसेल तिला. मग मालकांनी काय केलं? जिथे मुळात विनाइल होतं तिथेही चामडं लावलं. कारखान्यातून थोडी वाकडी आलेली शिवण सरळ केली. गालिचे जाड केले. गाडी इतकी श्रीमंत झाली की १९६३ मध्ये कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून अशी गाडी कधी बाहेरच पडली नव्हती. आणि दिसायला महाग पण परवडणारी हे लायन्स यांचं जे खरं कौशल्य होतं, ते पुसलं गेलं.

आपल्याकडे देवळांचं काय होतं ते आठवा. शेकडो वर्षांचं काळ्या दगडाचं देऊळ, गावकरी श्रद्धेने वर्गणी काढतात, आणि जीर्णोद्धार म्हणून ऑइलपेंट आणि फरशी. हेतू वाईट नसतो. पण खालची कोरीव रेघ रंगाखाली जाते.

हळूहळू विचार बदलला. अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या मानाच्या स्पर्धेतही न रंगवलेल्या, न शिवलेल्या, वापराच्या खुणांसकट आलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट आला. फिलाडेल्फियामधले न्यूरोसर्जन फ्रेड सिमोन यांनी आयुष्यभर रेसिंग स्पोर्ट्स कार जमवल्या आणि एकच गोष्ट लावून धरली, की आपण मालक नाही, राखणदार आहोत. त्यांच्या संग्रहालयातली शेल्बी डेटोना कूपे ही २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदीतली पहिली गाडी ठरली. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद मान्य केली. १९६४ ची व्हेनिस सनद जुन्या इमारतींसाठी जे सांगते, तेच हिने गाड्यांना लावलं. शक्य तितकं मूळ राखा, जे कराल त्याची नोंद ठेवा, बदललेला भाग ओळखू येऊ द्या.

आता दुसरी बाजूही ऐकूया, नाहीतर मी एकांगी बोलतोय असं होईल. गाडी ही चालवायची वस्तू आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे मोमाने, १९९६ मध्ये एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. त्यांच्या संग्रहातली ती तिसरी मोटार. ती तिथे शोभते. पण सगळ्याच गाड्या काचेआड गेल्या तर चामड्याचा वास, खटक्यांची टकटक, लाकडी स्टिअरिंगची पकड कोणाला कळणार? आणि ज्या गाडीच्या आत काहीच उरलं नाही, उंदरांनी आणि पावसाने सगळं खाल्लंय, तिला नवीन आतला भाग देणं यात काहीच गैर नाही. उलट ते तिला वाचवणं आहे.

माझं मत असं आहे. पिस्टन बदलला तर इंजिन पुन्हा तेच काम करतं, फारसं काही हरवत नाही. सीटचं तसं नाही. चामड्यावरची सुरकुती ही एका माणसाच्या बसण्याची सुरकुती आहे, आणि टाका एका बाईच्या हाताचा आहे. तिथे कंट्रोल-झेड नाही. म्हणून इंजिनाच्या बाबतीत आधी विचार करायचा की हे नवीन कसं होईल. आतल्या भागाच्या बाबतीत आधी विचार करायचा की यातलं काय वाचेल. आणि जे बदलावंच लागेल ते असं बदलायचं की उद्या कोणाला परत मागे जाता येईल. जुनं कव्हर फेकायचं नाही, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचं.

आणि हे सगळं आपल्यापर्यंत कसं येतं

जून २००८. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. म्हणजे ई-टाइपचा वारसा आज एका भारतीय उद्योगसमूहाच्या घरात आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये जॅग्वार गाड्या जोडल्या गेल्यात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल.

टाटांच्याच काळात, २०१७ मध्ये, जॅग्वारने स्वतः जुन्या ई-टाइप घेऊन त्या कारखान्याच्या मूळ मापांनुसार पुन्हा उभ्या करून विकायला सुरुवात केली. किंमत २ लाख ८५ हजार पौंडांपासून. त्याच वर्षी त्यांनी एक विजेवर चालणारी ई-टाइपही दाखवली. २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी लग्नाच्या दिवशी चालवत होते ती हीच. ती बघून बरेच जण चिडले, डॅशबोर्डवर स्क्रीन कसला लावता म्हणून. पण एक गोष्ट तिथे मला आवडली. मूळ इंजिन परत बसवता येईल अशा पद्धतीने तो बदल केला होता. परतीची वाट मोकळी ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे ई-टाइप? बरोबर. माझ्याकडेही नाही, आणि आयटीच्या पगारात येणारही नाही. पण कुणाच्या तरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी शेडमध्ये उभी असेल. कुणाच्या वाड्यात चेतक असेल, येझदी असेल. कधीतरी घरात ठरेल, चला, दुरुस्त करूया. आणि सगळ्यात आधी कोणीतरी म्हणेल, सीट कव्हर नवीन टाकू, जुनं कसलं ठेवताय.

तेव्हा दहा मिनिटं मागून घ्या. फोन खिशात आहेच. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, सीट उलटी करून खालूनही. कुशनवाल्याला सांगा, काका, उसवून द्या, फाडू नका, आणि जुना तुकडा मला परत हवाय. त्याचे टाके मोजायला लावा, त्यालाही बरं वाटेल की कोणीतरी त्याच्या कामाकडे बघतंय. आणि त्या काकांचं नाव, तारीख, एका कागदावर लिहून नव्या कव्हरच्या आत ठेवून द्या. डॅगनमच्या त्या बायकांची नावं सीटवर कुठेच नव्हती. आपल्याकडे निदान एका कारागिराचं तरी राहू दे.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात अशी एखादी जुनी गाडी असेल, तिच्या आत काही सापडलं असेल, जुनं तिकीट, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, काहीही, तर कमेंटमध्ये नक्की सांगा. आवडला असेल तर हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याच्याकडे बाबांची जुनी बाइक आहे आणि ती ‘मॉडिफाय’ करायचे विचार चालू आहेत. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!